गुणमालाबाईंचा नियम

साळूबाईंना मेढ्याहून बोलावणं गेलं, की समजावं, सांगलीत कुणीतरी कुणाचं ऐकेनासं झालंय. लालासाहेबांचं लग्न मोडता मोडता राहिलं तेव्हा त्या आल्या होत्या. दुकान गावातून हलवून कुपवाडला न्यायचं ठरलं तेव्हाही आल्या होत्या. लालासाहेब पाळण्यात असताना आई गेली आणि थोरल्या बहिणीनं त्यांना कडेवर वाढवलं. त्यामुळे साठी उलटलेला हा माणूस आजही आक्कांसमोर खुर्चीवर टेकून बसत नसे. आक्कांनाही ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

साताऱ्याहून सुटलेली एसटी सांगलीच्या स्टँडवर थांबली, तेव्हा दाराशी भाचा उभा होता. जयराजनं पिशवी घेतली, पाया पडला आणि घरी न नेता आधी चहाच्या गाड्यावर नेलं. आपली बाजू आधी कानावर घालायची, एवढं शहाणपण त्याला बापाकडून आलं होतं.

“आत्ती, तूच सांग आता तिला,” तो बशीत चहा ओतत म्हणाला. “घरात मी थोरला. वायर मी वढायची, भिंत मी फोडायची, शिडीवर मी चढायचं. आन् सही तिची. बरं, सही तर कर! तर म्हनती, बघितल्याबिगर करनार न्हाई. सख्ख्या भावाच्या कामावर इस्वास न्हाई व्हय?”

“सही न्हाई केली तर काय बिघडतं?”

“बिघडतं म्हंजे? नेमिनाथ अण्णांचं हळद कांडायचं नवं शेड हाय. परवा दसऱ्याला यंत्र सुरू करायचंय. परवान्यावाल्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट गेल्याशिवाय वीजवाले मीटर देत न्हाईत.” त्यानं बशी खाली ठेवली. “आज सही न्हाई झाली तर मी ह्या दुकानात पाय ठेवनार न्हाई, आत्ती. येगळा व्हतो. बहिनीच्या परवान्यावर जगायची हौस न्हाई मला.”

वेगळं होण्याची भाषा ऐकून साळूबाई हादरल्या. आपण कडेवर वाढवलेल्या भावाचं घर आपल्या डोळ्यांदेखत दोन जागी होणार, या विचारानं त्यांनी चहा तसाच खाली ठेवला. “आज सही हुईल,” त्या म्हणाल्या. “माझा शबुद.”

शब्द देऊन टाकला खरा, पण तिढा काय आहे हे त्यांना पुरतं उमगलं नव्हतं. लालासाहेब सैन्यातून आले ते हातात कला घेऊन. नळ, मोटार, पंखा, गिरणीचा पट्टा, घराची वायरिंग, जे मोडेल ते हा माणूस जोडून द्यायचा. कागद लागला की विश्रामबागेतले एक ओळखीचे ठेकेदार सही द्यायचे. वय झालं तसं त्या ठेकेदारांनी काम थांबवलं आणि सहीही थांबली. तेव्हा सगळ्यांची नजर वळली ती लालासाहेबांच्या लेकीकडे, शिवांजलीकडे. पोरगी आधी आयटीआयला गेली होती, मग डिप्लोमा, मग पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, आणि त्याच प्रमाणपत्राच्या जोरावर या उन्हाळ्यात दुकानाला विद्युत ठेकेदाराचा परवाना मिळाला होता. तिचा अगदी पहिला परवाना मिळाला, तेव्हा लालासाहेबांनी मेढ्याला फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “आक्का, आपली शिवा तारतंत्री झाली!” साळूबाईंना त्यातलं तंत्री तेवढं ऐकू आलं. पोरगी तंत्रमंत्राच्या नादी लागली म्हणून त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी अंगारा घेऊन सांगलीत हजर झाल्या. सरकारदरबारी वायरमनला तारतंत्री म्हणतात, हे कळल्यावर घर आठवडाभर हसत होतं.

आज मात्र घरात कुणी हसत नव्हतं.

लालासाहेब सोप्यात बसले होते, आक्का दिसताच उठून उभे राहिले. “बघ आक्का, तूच काय ते बघ. माझ्या उभ्या जल्मात त्या ठेकेदारानं माझा एक कागद अडवला न्हाई. घराबाहेरचा मानूस! आन् हितं पोटची पोरगी अडवती.”

“तिला बोलव,” साळूबाई म्हणाल्या.

शिवांजली आली. खांद्याला ओढणी गच्च बांधलेली, केस मागं आवळलेले. पाया पडली आणि समोर उभी राहिली. नजर खाली नव्हती आणि उर्मटही नव्हती. साळूबाईंनी मनात योजलेली सगळी वाक्यं तिथंच अडखळली.

“सही का करत न्हाईस गं?”

“करते की, आत्ती. शेड बघते, मग करते. दादा बघूच देत न्हाई.”

“बघायचं काय त्यात?” जयराज उसळला. “मी सांगतोय न्हवं, सगळं झालंय म्हनून!”

“मग दाव की, दादा. झालंय तर दावायला काय हुतंय?”

स्वयंपाकघराच्या दारातून पोरांची आई विजयमाला बघत होती. सकाळपर्यंत ती लेकाच्या बाजूनं होती, पोरीच्या जातीनं एवढं ताणू नये असं दोनदा बोलूनही झालं होतं. आता मात्र हात पुसत पुढं आली. “वन्सं, एक बोलू का? पोरगी बघू दे म्हनती, तर ह्यो चिडतोय कशापायी? मला त्येच समजंना.”

बायको अचानक पलीकडच्या पारड्यात जाऊन बसलेली पाहून लालासाहेब चकितच झाले. जयराजनं आत्तीकडे पाहिलं. साळूबाईंना चहाच्या गाड्यावरचा शब्द टोचू लागला. तरी त्या उठल्या. “चला. म्या बी येते. बघून हुईल, मग सही हुईल, न् मग आपन समदी बसून जेवू.”

कुपवाडच्या त्या शेडला हळदीचा वास आतापासूनच यायला लागला होता. शेजारीच नेमिनाथचं घर, आणि तिथूनच तात्पुरती लाइन ओढून शेडमधे दिवे लावलेले. यंत्राला आंब्याची पानं बांधून झाली होती. नेमिनाथ पुढं आला. “या, या. जयजिनेंद्र. झाली का सही?”

“बघून करते, अण्णा,” शिवांजली म्हणाली.

आणि साळूबाईंनी आपल्या भाचीचं काम पहिल्यांदा पाहिलं. आजवर त्यांच्या कल्पनेत हे काम म्हणजे शिडी, हातोडी आणि आरडाओरडा. इथं आवाजच नव्हता. पोरीनं आधी मेन स्विच बंद केला आणि शेड अंधारलं. मग एकेक पेटी उघडून ती आत डोकावली. तारेला हात लावण्याआधी दर वेळी टेस्टर टेकवून बघायची, स्वतः बंद केलेल्या स्विचवरही तिचा भरवसा नव्हता. एवढं सावध वागताना साळूबाईंनी माणसाला फक्त देवघरात पाहिलं होतं. त्या नकळत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पदर सावरला.

“काम लय देखणं केलंयस, दादा,” शिवांजली म्हणाली. जयराजच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैलावला. “आता अर्थिंगचा खड्डा दाव.”

तो ताण परत आला. “मागं हाय.”

सगळे मागे गेले. भिंतीतून एक हिरवी तार बाहेर आली होती. तिचं वेटोळं करून खिळ्याला नीट अडकवलं होतं. खाली जमीन सपाट होती, गवत उगवलेलं.

“खड्डा कुठाय, दादा?”

जयराज जमिनीकडे बघत राहिला. “काढायचाय. दिवाळी झाली की काढनार हाय.”

“दिवाळी? मग परवा यंत्र कसं सुरू करनार?”

“शिवे, महिना-पंधरा दिसांचा तर प्रश्न हाय!” तो एकदम भडकला. “मला काय हौस व्हती व्हय? अण्णांच्या आईंनी, आजींनी, मुनी महाराजांजवळ नियम घेतलाय. चातुर्मास सपेपर्यंत आपल्या जागंत माती उकरायची न्हाई, जीव मरत्यात. मी पहार घेऊन त्यांच्या अंगनात कसा उभा ऱ्हाऊ? ह्या घरानं आपल्याला कवा परकं मानलं न्हाई. म्हनून म्हनलं, दिवाळीनंतर गुपचूप करून टाकू. कुनाला कळनार बी न्हाई.”

“मला कळलं,” मागून आवाज आला.

पांढऱ्या सुती साडीतल्या गुणमालाबाई, नेमिनाथच्या आई, भिंतीचा आधार घेत आल्या होत्या. खाली बघत, एकेक पाऊल जपून टाकत. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून त्या आयुष्यभर अशाच चालत आल्या होत्या. साळूबाईंना त्यांचं वय आपल्यापेक्षा जास्त वाटलं, आणि का कोण जाणे, त्यांच्यासमोर आपला आवाज चढणार नाही असंही वाटलं.

“बाळ, मला समजंल असं सांग,” त्या शिवांजलीला म्हणाल्या. “ती तार मातीत न्हाई गेली तर काय हुतं?”

“बहुतेक येळा काय न्हाई व्हत, आजी. वर्स-वर्स काय न्हाई व्हत,” शिवांजली शांतपणे म्हणाली. “पर आत कुठं वायर सोलली न् यंत्राच्या पत्र्याला टेकली, तर वीज पत्र्यात येऊन बसती. दिसत न्हाई, वाजत न्हाई. ही तार मातीत असली तर वीज तिच्यातनं जाती, न् फ्यूज उडतो. नसली तर जो हात लावंल त्याच्यातनं जाती.”

गुणमालाबाईंनी यंत्राच्या दिशेनं मान वळवली. “परवा मी हात लावनार व्हते. वल्या हातानं गंधाचं स्वस्तिक काढनार व्हते. माझ्यामागनं कामाच्या समद्या बायका.” त्यांनी खालच्या गवताकडे पाहिलं. “मुंगी मरू ने म्हनून नियम घेतला मी. आन् त्याच नियमापायी...”

जयराजनं मान खाली घातली.

नेमिनाथ कळवळून पुढं झाला. “आई, एवढं मनाला लावून घेऊ नगंस. मी आत्ताच महाराजांकडं जातो. प्रायश्चित्त काय आसंल ते घेऊ. सांजच्याला खड्डा काढून टाकू.”

“नियम मोडायची वाट इचारायला महाराजांकडं जायाचं?” गुणमालाबाई म्हणाल्या. “घेतलाय तो पाळायला घेतलाय, नेमू.”

“बरं, मग ऱ्हायलं! सही दुसऱ्याची आनतो. पायजे तेवढ्या मिळत्यात.”

“आना, अण्णा,” शिवांजली म्हणाली. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता, पण आवाज हलला नाही. “माझी मिळनार न्हाई. आन् दुसऱ्याची आनली तर ह्या शेडचं काम आमच्या दुकानानं केलंय असं कुठं सांगू नगासा.”

“सरकारी नियम गं त्यो!” जयराज हताश होऊन म्हणाला. “त्येच्यापायी मानसं तोडतीस?”

नियम हा शब्द ऐकला आणि गुणमालाबाई वळल्या. त्यांनी शिवांजलीला जवळ बोलावलं, तिचा काळवंडलेला हात आपल्या हातात घेतला.

“पोरी, तू ह्यो नियम कुनाजवळ घेतलास?”

कुणालाच काही कळेना. शिवांजलीही गोंधळली. “कुनाजवळ म्हंजे... कुनाजवळ न्हाई, आजी. सरकारनं परवाना दिला, त्यात लिव्हलेलं असतं.”

“सरकार बघाय येतंय व्हय, तू सही कशी करतीस ते?”

“न्हाई येत.”

“मग मोडला तर कुनाला कळंल?”

शिवांजलीनं खिळ्यावरच्या वेटोळ्याकडे पाहिलं. शेडच्या पत्र्यावर कावळा बसला होता, त्याच्या नख्या वाजल्या तेवढ्याच. “मला कळंल,” ती म्हणाली. “एक सही केली म्हंजे, आजी, त्या छपराखाली जो जो यंत्राला हात लावनार, त्यो माझ्या भरवशावर लावनार. मला तोंडानं वळखत बी नसंल त्यो. म्हनून बघितल्याबिगर करवत न्हाई.”

गुणमालाबाईंनी तिचा हात सोडला, दोन्ही हात जोडले आणि त्या म्हाताऱ्या बाईनं नातीच्या वयाच्या पोरीपुढं मान लववली. “जयजिनेंद्र,” त्या म्हणाल्या. देवळात म्हणतात तसं म्हणाल्या.

साळूबाई एक पाऊल पुढं सरकल्या. मेढ्याच्या डोंगरात आयुष्य काढलेल्या त्या बाईनं पूर पाहिले होते, वणवे पाहिले होते. पण दोन बायका समोरासमोर उभ्या आहेत, एकीचा नियम दुसरीच्या आड आलाय, आणि दोघींपैकी कुणीही तसूभर हलत नाही, उलट त्यापायीच एकमेकींना ओळखतायत, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ही आपल्या लालाची पोर. कडेवर घेतलेल्या त्या रडक्या लालाची! डोळे भरून आले, पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“यंत्र दिवाळीनंतर सुरू हुईल,” गुणमालाबाई लेकाला म्हणाल्या. “माझा मोडायचा न्हाई, आन् हिचा बी मोडायचा न्हाई. तवर शेडात कुनी हात लावायचा न्हाई.” मग त्या जयराजकडे वळल्या. “माझ्यासाठी केलंस, बाळ. मला ठावं हाय. पर मला इचारायचं व्हतंस. आता खड्डा हुईस्तवर मी दिसातनं एकदाच जेवंन.”

“आजी!” जयराजचा आवाज फुटला. “असं नगा करू. चूक माझी हाय.”

“चूक तुझी, पर नियम माझा.”

जयराज वळला. मग आत गेला. बाहेर आला तेव्हा शेडच्या लाइनचे फ्यूज त्याच्या ओंजळीत होते. ते त्यानं गुणमालाबाईंच्या हातात दिले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही, पण येताना तिच्या हातातली हत्यारांची पिशवी घेऊन आपल्या खांद्यावर टाकली.

सगळे घराकडे निघाले. दिलेला शब्द पडला होता आणि साळूबाईंना त्याची लाजही वाटत नव्हती. भीती मात्र होती. हा पोरगा आता घरी जाऊन काय बोलणार? वेगळं व्हायचंच मनात असलं, तर त्याला थांबवायला त्यांच्यापाशी एकही शब्द उरला नव्हता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत आली होती. लालासाहेब उंबऱ्यातच होते. “झाली का सही, आक्का?”

साळूबाईंनी जयराजकडे पाहिलं. विजयमालाही दारात येऊन थबकली.

“न्हाई झाली,” जयराज म्हणाला. “आन् तीच बरोबर हाय, आबा. खड्डा नव्हता. मी झाकलं.” त्यानं पिशवी खाली ठेवली. “एक इचारू? ते विश्रामबागेतले ठेकेदार... ते तुमचं काम बघाय कवा आलेले का वो?”

लालासाहेब लगेच उत्तर द्यायला गेले आणि थांबले. “न्हाई. सही करून द्यायचे. इस्वास व्हता त्यांचा.”

“एकदा बी न्हाई?”

“न्हाई.”

“म्हंजे तुमचं काम उभ्या जल्मात कुनी बघितलंच न्हाई,” जयराज म्हणाला. टोचून बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, त्याला ते बोलता बोलताच कळत होतं. “चांगलं केलंसा, वाईट केलंसा, कुनी बघितलं न्हाई. कागदावर शिक्का, बस्स.”

साळूबाईंना वाटलं, आता लाला उसळणार. सैन्यातला माणूस, लेकाच्या तोंडून असलं ऐकून घेणारा नव्हे. पण लालासाहेब खुर्चीच्या कडेवर बसले आणि आपले दोन्ही पंजे उलटसुलट करून बघत राहिले, जणू कुण्या दुसऱ्याचे हात आहेत. किती घरं, किती गिरण्या, किती मोटारी या हातांनी सुरू केल्या होत्या. आणि त्याला ‘लाला, दाव बघू, काय केलंस’ असं विचारायला कुणी आलं नव्हतं. तिसरीत असताना पाटीवर काढलेलं चित्र घेऊन पळत यायचा, तो पोरगा साळूबाईंना समोर दिसत होता.

“शिवे,” लालासाहेब म्हणाले. “ह्या घराची वायरिंग म्या केलेली हाय. तुझी आई नवी नवरी व्हती तवा.”

“व्हय, आबा.”

“बघ.”

“आत्ता? जेवून घ्या की आधी.”

“आत्ता बघ. समदं उघडून बघ. बापाचं काम हाय म्हनून सोडू नगंस.”

ते उठले, दाराजवळच्या पेटीपाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला. ही पेटी त्यांनी आजवर जयराजलाही उघडू दिली नव्हती. घर अंधारलं. शेजारच्या घरातला टीव्ही तेवढा ऐकू येत होता. शिवांजलीनं पिशवीतून टेस्टर आणि पेचकस काढला, जयराजनं स्टूल आणून ठेवलं आणि हातानं दाबून धरलं. ती वर चढली.

“बॅटरी कोन धरतंय?” ती म्हणाली.

या धंद्यात बॅटरी धरतो तो शिकाऊ. कामाला नवीन आलेल्यानं मिस्त्रीच्या मागं उभं राहायचं, बॅटरी धरायची, मिस्त्रीचा हात जाईल तिथं उजेड न्यायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. विजयमाला फडताळातून बॅटरी घेऊन आली आणि तिनं ती लेकापुढं केली. लालासाहेबांनी मधेच हात घालून ती घेतली.

लालासाहेब लेकीच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांनी बटण दाबलं आणि त्यांनी जोडलेल्या तारांवर उजेड पडला. साळूबाई देवासमोर बसावं तशा उंबऱ्यात खाली बसल्या. आपण भरल्या डोळ्यांनी हात जोडलेत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

शिवांजलीनं पहिला स्क्रू सैल केला, झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं.

“आबा, नीट धरा,” ती म्हणाली. “हात हलतोय तुमचा.”